गडचिरोली ते मानपाडा : मोजणीतून धोरणाकडे

सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता, रुग्णालये आणि दवाखाने हे विषय भारतीय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीने राज्यांकडे सोपवले आहेत, आणि १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत शहरांचे सार्वजनिक आरोग्य हे नागरी स्थानिक संस्थांकडे देता येण्याजोगे काम मानले आहे. त्यामुळे कोणत्या वस्तीत दवाखाना उघडायचा, कोणते औषध कोणाच्या हाती द्यायचे, आशा कार्यकर्तीने कोणत्या दिवशी कोणत्या घरी जायचे, यांसारखे जीवनमरणाशी थेट निगडित असलेले निर्णय दिल्लीपेक्षा मंत्रालयात आणि महापालिकेच्या मुख्यालयात अधिक होतात. हे निर्णय कशाच्या आधारे होतात, हा या प्रकरणाचा विषय आहे.

निर्णयांचे आधार अनेक असतात. अंदाजपत्रकातील तरतूद, लोकप्रतिनिधींचा आग्रह, न्यायालयाचा आदेश, वृत्तपत्रांतील गदारोळ आणि ‘मागील पानावरून पुढे’ चालण्याची यंत्रणेची सवय, या सर्वांचा त्यांत वाटा असतो. संशोधन हा या गर्दीतील एक आवाज असतो, आणि बहुतेक वेळा तो सर्वांत क्षीण असतो. तरीही महाराष्ट्रात संशोधनाने धोरण बदलल्याची काही ठळक उदाहरणे आहेत. ती एकत्र पाहिली, तर त्या प्रत्येकात तीन गोष्टी आढळतात : प्रश्नाची प्रामाणिक मोजणी, उपायाची तुलनेने केलेली तपासणी, आणि सरकारी यंत्रणेला पेलेल अशा रूपात केलेली त्या उपायाची मांडणी. यांपैकी पहिली गोष्ट सर्वांत सोपी वाटते. प्रत्यक्षात तीच सर्वांत अवघड आहे, आणि ठाणे जिल्ह्यातील मानपाड्यासारख्या झपाट्याने वाढणाऱ्या भागात ती आजही पुरती साधलेली नाही.

आकडा कोठून येतो

आरोग्यधोरणाच्या चर्चेत सर्वाधिक वापरला जाणारा आकडा म्हणजे अर्भकमृत्यू दर. एका वर्षात जिवंत जन्मलेल्या दर हजार बालकांमागे वयाचे एक वर्ष पूर्ण होण्याआधी किती बालके दगावली, हे तो सांगतो. त्यांतील पहिल्या २८ दिवसांत झालेले मृत्यू वेगळे काढले, की नवजात मृत्यू दर मिळतो. दोन्ही दरांत वर मृत्यूंची संख्या असते आणि खाली जन्मांची. वरची संख्या कमी नोंदली गेली तर परिस्थिती आहे त्याहून बरी दिसते. खालची संख्या चुकली तर दर दोन्ही दिशांना फसवू शकतो.

या संख्या मिळवण्याचे तीन मुख्य मार्ग आहेत. पहिला मार्ग नागरी नोंदणीचा. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ नुसार प्रत्येक जन्म आणि मृत्यू नोंदवणे बंधनकारक आहे. पण घरी जन्मून दोन-चार दिवसांत गेलेल्या बाळाची नोंद करायला कुटुंब सहसा जात नाही, कारण त्या बाळाच्या नावावर ना शाळेचा दाखला काढायचा असतो ना मालमत्तेचा उतारा. दुसरा मार्ग नमुना नोंदणी योजनेचा. महानिबंधकांच्या कार्यालयाची ही योजना १९६९-७० पासून देशभर चालते. तिच्यात निवडलेल्या गावांत व शहरी विभागांत एक स्थानिक गणक वर्षभर जन्म-मृत्यू टिपत राहतो, दर सहा महिन्यांनी दुसरा पर्यवेक्षक स्वतंत्रपणे घरोघर चौकशी करतो, आणि नंतर दोन्ही याद्या ताडून पाहून न जुळणाऱ्या नोंदी पुन्हा जागेवर तपासल्या जातात. तिसरा मार्ग राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा. तिचे काम देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे असते, आणि तिच्यात जन्ममृत्यूंबरोबरच लसीकरण, पोषण, रक्तक्षय, प्रसूतीचे ठिकाण अशी बरीच माहिती मिळते.

यांखेरीज आरोग्य विभागाची स्वतःची मासिक नोंद असते. ती उपकेंद्रापासून वर चढत जाते, आणि याच चढणीवर तिचे खरेपण कमी होण्याची भीती असते. आपल्या कार्यक्षेत्रात बालमृत्यू अधिक दाखवले तर जाब विचारला जाईल आणि कमी दाखवले तर कोणी विचारणार नाही, हे ज्या कर्मचाऱ्याला ठाऊक असते, त्याच्याकडून खरी मोजणी मागणे म्हणजे त्याने स्वतःविरुद्ध साक्ष द्यावी अशी अपेक्षा करणे होय. नमुना नोंदणी योजनेत दोन स्वतंत्र माणसांकडून मोजणी करवून घेण्याचे कारण हेच आहे.

गडचिरोली : आधी मोजणी, मग उपाय

चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन १९८२ साली गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परतल्यावर याच जिल्ह्यात ‘सर्च’ ही संस्था उभारली. तिच्या कामाचा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. तिने आधी गावात राहून लोकांचे आजार मोजले, उपाय त्यानंतर शोधला आणि सरकारला शिफारस सर्वांत शेवटी केली.

संस्थेचा पहिला मोठा अभ्यास वसा आणि अमिर्झा या दोन गावांतील ६५० स्त्रियांचा होता, आणि तो जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्या स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते, आणि यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. त्या काळात ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया आणि बाळंतपण एवढेच सरकारी यंत्रणेला दिसत होते; बाकीचे आजार कोणी मोजतच नसल्यामुळे ते कागदावर अस्तित्वात नव्हते. पुढे १९९४ साली कैरो येथे झालेल्या लोकसंख्याविषयक जागतिक परिषदेत प्रजनन आरोग्याचा व्यापक विचार स्वीकारला गेला, भारताने १९९६ साली कुटुंबनियोजनाची लक्ष्ये ठरवून देण्याची पद्धत बंद केली आणि १९९७ साली प्रजनन व बाल आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. या बदलामागे अनेक चळवळी आणि अभ्यास होते. दोन गावांतील ही मोजणी त्यांपैकी एक.

दुसरा अभ्यास लहान मुलांच्या न्यूमोनियाचा होता. न्यूमोनिया ओळखण्यासाठी क्ष-किरण यंत्र आणि डॉक्टर लागतो, ही समजूत ग्रामीण भागात जीवघेणी ठरत होती, कारण या दोन्ही गोष्टी गावापासून दूर होत्या. मुलाच्या श्वासाचा वेग मोजून न्यूमोनियाचा बराचसा विश्वसनीय अंदाज बांधता येतो, हे पापुआ न्यू गिनीसारख्या देशांतील कामातून पुढे आले होते. दोन महिन्यांहून लहान बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक असतील, तर धोका समजावा, असे जागतिक आरोग्य संघटनेचे निकष आहेत. पण गावातील अनेक सुइणींना दहा-बाराच्या पुढे मोजता येत नव्हते आणि घड्याळ वाचता येत नव्हते. त्यांच्यासाठी ‘सर्च’ने एक साधे साधन तयार केले. त्यात एका मिनिटात रिकामी होणारी वाळूची घटिका आणि तारेत ओवलेले मणी होते. सुईण बाळाच्या पोटाकडे पाहून दहा श्वास मोजत असे आणि दर दहा श्वासांना एक मणी सरकवत असे. वाळू संपायच्या आत शेवटच्या मण्यापर्यंत पोचले, तर औषध सुरू करायचे. निरक्षर बाईला निदान करता येईल का, या प्रश्नाचे उत्तर अशा रीतीने प्रत्यक्ष कृतीतून मिळाले.

उत्तर मिळाले तरी त्याचा परिणाम तपासणे बाकी होते. त्यासाठी ५८ गावांत प्रशिक्षित कर्मचारी, आरोग्यदूत आणि सुइणी यांच्याकरवी प्रतिजैविकाचा उपचार करण्यात आला आणि ४४ गावे तुलनेसाठी ठेवण्यात आली. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार उपचाराच्या गावांत पाच वर्षांखालील दर हजार मुलांमागे न्यूमोनियाने होणारे मृत्यू ८.१ होते, तर तुलनेच्या गावांत ते १७.५ होते.

तुलनेच्या गावांचे महत्त्व येथे समजून घ्यायला हवे. एखाद्या वर्षी पाऊस बरा झाला, पीक चांगले आले, रस्ता झाला किंवा गोवराची साथ आली नाही, तर कोणताही कार्यक्रम न राबवताही मुलांचे मृत्यू कमी होऊ शकतात. कार्यक्रमाआधीचा आकडा आणि नंतरचा आकडा एवढेच ताडून पाहिले, तर पावसाचे श्रेय औषधाला दिले जाते. शेजारची, तशाच परिस्थितीतील पण कार्यक्रम नसलेली गावे त्याच काळात मोजली, तर पाऊस दोन्हीकडे सारखाच पडलेला असतो आणि उरलेला फरक कार्यक्रमाचा मानता येतो.

घरातील नवजात बाळ

न्यूमोनियावरच्या उपायाने मृत्यू कमी झाले, तरी जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यातील मृत्यू हटेनात. नवजात बाळाचा उपचार रुग्णालयातच व्हायला हवा, हे वैद्यकशास्त्राचे प्रस्थापित मत होते. पण त्या भागातील बहुतेक बाळंतपणे घरीच होत होती, आणि आजारी बाळाला महिना होण्याआधी घराबाहेर काढण्याची रीतही नव्हती. म्हणून १९९५-९६ या वर्षात ३९ गावांतील ७६३ नवजात बाळांचे त्यांच्या घरीच निरीक्षण करण्यात आले. त्यांपैकी ४० बाळे पहिल्या महिन्यात दगावली, आणि निम्म्याहून अधिक मृत्यूंचे मुख्य कारण जंतुसंसर्ग हे होते. शास्त्रीय भाषेत ज्याला सेप्सिस म्हणतात तो हा रक्तात पसरणारा जंतुदोष वेळीच ओळखला आणि प्रतिजैविक दिले, तर बरा होऊ शकतो.

यावरून नवजात बाळाच्या घरगुती देखभालीची पद्धत आकाराला आली. पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या गावातल्याच स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून प्रशिक्षण देण्यात आले. बाळंतपणाच्या वेळी हजर राहणे, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे, वजन करणे, बाळाला उबदार ठेवणे, आईच्या दुधासाठी मदत करणे, ठरलेल्या दिवशी पुन्हा पुन्हा घरी जाणे, आणि जंतुदोषाची लक्षणे दिसली व कुटुंब रुग्णालयात जायला तयार नसेल, तर जेंटामायसिनचे इंजेक्शन देणे, ही त्यांची कामे होती. तुलनेसाठी ४७ गावे घेतली होती. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्यू दरात ६२ टक्क्यांची घट झाली, जंतुदोष झालेल्या बाळांपैकी दगावणाऱ्यांचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले आणि दर बाळामागे खर्च सुमारे ५.३ अमेरिकी डॉलर इतका होता.

शास्त्रीय शिस्तीच्या दृष्टीने या अभ्यासाला एक मर्यादा होती. कोणती गावे उपचाराची आणि कोणती तुलनेची, हे चिठ्ठ्या टाकून, म्हणजे यादृच्छिक पद्धतीने, ठरवलेले नव्हते. शिवाय एका ध्येयवादी संस्थेला जे जमले ते इतरांना जमेल का, हा प्रश्न उरतच होता. म्हणून पुढे ‘अंकुर’ या प्रकल्पात महाराष्ट्रातील सात स्वयंसेवी संस्थांनी आपापल्या भागांत ही पद्धत राबवून पाहिली, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने पाच राज्यांत तिची चाचणी घेतली, आणि बांगलादेशातील सिल्हेट व उत्तर प्रदेशातील शिवगड येथील यादृच्छिक चाचण्यांनी २००८ साली त्याच दिशेचे निष्कर्ष दिले. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००९ साली नवजात बाळांसाठी गृहभेटींची संयुक्त शिफारस केली, आणि २०११ मध्ये केंद्र सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत हा कार्यक्रम देशभर लागू केला. आज बाळंतपण घरी झाले तर आशाने पहिल्या, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी अशा सात भेटी द्यायच्या असतात; रुग्णालयात झाले तर पहिल्या दिवसाची भेट वगळून सहा.

धोरणात उतरताना मूळ उपायाचा एक महत्त्वाचा भाग मात्र गळला. गडचिरोलीतील आरोग्यदूत स्वतः इंजेक्शन देत. राष्ट्रीय कार्यक्रमात आशाने लक्षणे ओळखून बाळाला रुग्णालयात पाठवावे, एवढेच ठरले. डॉक्टर नसलेल्या व्यक्तीच्या हाती सुई देण्यास वैद्यकीय वर्तुळाचा असलेला विरोध आणि औषधाच्या गैरवापराची भीती त्यामागे होती. २०१४ साली केंद्राने विशिष्ट परिस्थितीत हे इंजेक्शन देण्याची मुभा दिली, तीही प्रशिक्षित परिचारिकेला. संशोधनाचे निष्कर्ष सरकारने ‘स्वीकारले’ असे म्हटले जाते तेव्हा नेमके काय स्वीकारले आणि काय वगळले, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे असते.

कोवळी पानगळ

गडचिरोलीतील काम एका जिल्ह्यापुरते होते. सबंध राज्याचे चित्र काय, हा प्रश्न ठाणे जिल्ह्यानेच आधी ऐरणीवर आणला होता. १९९२-९३ मध्ये तत्कालीन ठाणे जिल्ह्याच्या जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरात कुपोषित बालकांच्या मृत्यूंचे सत्र उघडकीस आले आणि मुंबईपासून काही तासांच्या अंतरावरील त्या डोंगरपट्टीकडे राज्याचे लक्ष गेले. मंत्र्यांचे दौरे झाले, धान्य पोचले, योजना जाहीर झाल्या. परंतु तशी घटना अपवादात्मक होती की नित्याची, हे सांगणारी विश्वासार्ह मोजणी कोणाकडेच नव्हती.

ती मोजणी ‘सर्च’सह १३ स्वयंसेवी संस्थांनी एकत्र येऊन केली. ग्रामीण, आदिवासी आणि झोपडपट्टीच्या भागांत जन्म व मृत्यू प्रत्यक्ष नोंदवून ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल २००१ साली प्रसिद्ध करण्यात आला. महाराष्ट्रात दर वर्षी सुमारे पावणेदोन लाख बालके दगावतात आणि सरकारी नोंदीत त्यांतील मोठा भाग दिसतच नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. प्रगत म्हणवणाऱ्या राज्याला हा आकडा झोंबणारा होता. विधिमंडळात आणि न्यायालयात त्यावर चर्चा झाली, आणि राज्य सरकारने डॉ. अभय बंग यांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली. समितीने बालमृत्यूंच्या नोंदणीतील गळतीवर आणि घरपोच बालसेवेवर भर दिला. सरकारच्या आकड्यांवर आक्षेप घेणाऱ्या संशोधकालाच सरकारने मोजणी सुधारण्याचे काम द्यावे, ही महाराष्ट्राच्या प्रशासकीय परंपरेतील जमेची बाजू मानली पाहिजे.

त्याच सुमारास सरकारी यंत्रणेच्या आतूनही एक प्रयत्न झाला. औरंगाबादचे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचे, तत्कालीन विभागीय आयुक्त व्ही. रमणी यांनी मराठवाड्यात कुपोषित बालकांची वजने नियमित घेऊन त्यांवर लक्ष केंद्रित करणारी मोहीम चालवली, आणि तिच्या अनुभवातून २००५ साली राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन स्थापन झाले. गर्भधारणेपासून बाळ दोन वर्षांचे होईपर्यंतच्या सुमारे हजार दिवसांवर मिशनने भर दिला. मिशनच्या कामाचे मोजमाप करण्यासाठी २०१२ साली राज्यव्यापी पोषण सर्वेक्षण झाले, तेव्हा दोन वर्षांखालील बालकांतील खुरटलेपणाचे, म्हणजे वयाच्या मानाने उंची कमी असण्याचे, प्रमाण २००५-०६ मधील ३९ टक्क्यांवरून २४ टक्क्यांच्या आसपास उतरल्याचे आढळले.

या यशाचा पुढचा भाग कमी सांगितला जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यातील पाच वर्षांखालील मुलांतील खुरटलेपण २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्के आणि २०१९-२१ मध्ये ३५.२ टक्के होते. हा वयोगट वेगळा असल्यामुळे हे आकडे २०१२ च्या आकड्याशी सरळ ताडून पाहता येत नाहीत, तरी सुधारणा थांबल्याचे त्यांतून उघड दिसते. दुसरीकडे, राज्याचा अर्भकमृत्यू दर २००५ मधील ३६ वरून २०२० मध्ये १६ वर आला. मुले वाचू लागली, पण वाचलेली मुले पुरेशी वाढत नाहीत, असा या दोन आकड्यांचा एकत्रित अर्थ निघतो. आणि त्यावरचे धोरण रुग्णालयात नव्हे, तर मुलीचे लग्नाचे वय, आईचा आहार, पिण्याचे पाणी आणि अंगणवाडी यांत शोधावे लागते.

मानपाड्यात हे का अवघड आहे

ठाणे जिल्ह्यात मानपाडा या नावाचे दोन परिसर लोकांच्या रोजच्या बोलण्यात आहेत. एक ठाणे शहरात घोडबंदर रस्त्यालगत, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी. दुसरा डोंबिवलीच्या पूर्वेला, ज्याच्या नावाचा रस्ता शहरातून कल्याण-शिळ मार्गाकडे जातो. दोन्हीकडे उंच गृहसंकुले, जुनी गावठाणे, चाळी आणि पाड्यांतील वस्त्या एकमेकांना खेटून आहेत. गडचिरोलीच्या मानाने येथे डॉक्टर, औषधाची दुकाने आणि रुग्णालये मुबलक आहेत. तरीही येथील एखाद्या वस्तीचा नवजात मृत्यू दर किती, असे विचारले तर सरळ उत्तर मिळणे कठीण आहे, आणि त्याची कारणे तीन आहेत.

पहिले कारण सरासरीचे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा होईपर्यंत ठाणे हा लोकसंख्येने देशातील सर्वांत मोठा जिल्हा होता. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या १ कोटी १० लाख होती. २०१५-१६ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत जुन्या सीमांनुसार एकच ठाणे जिल्हा मोजला गेला, त्यामुळे डोंबिवलीतील सदनिका आणि मोखाड्यातील झोपडी एकाच ओळीत बेरजेला आल्या. पुढच्या पाहणीत पालघर वेगळा झाला, तरी जिल्ह्याचा आकडा येऊरच्या पायथ्याच्या पाड्याविषयी आजही काही सांगत नाही, कारण पाहणीचा नमुना त्यासाठी आखलेलाच नसतो.

दुसरे कारण खालच्या संख्येचे. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान २०१३ साली सुरू झाले, आणि त्याच्या निकषानुसार साधारण ५० हजार लोकसंख्येमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र असावे. २०११ मध्ये कल्याण-डोंबिवलीची लोकसंख्या सुमारे १२ लाख ४७ हजार होती. तीवरून सुमारे २५ केंद्रे पुरतात. पण त्या संख्येत जून २०१५ मध्ये महापालिकेत पुन्हा सामील केलेली २७ गावे नव्हती, आणि त्यानंतर उभ्या राहिलेल्या वसाहतींतील माणसेही नव्हती. २०२१ ची जनगणना झाली नाही. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ही जाहीर झाली आहे. म्हणजे देशात सर्वाधिक वेगाने बदलणाऱ्या पट्ट्यांपैकी एका पट्ट्यात दवाखाने, लसी आणि आशा कार्यकर्त्या यांचे नियोजन दीड दशकापूर्वीच्या माणसांसाठी होत आले आहे. लसीकरण शंभर टक्क्यांहून अधिक झाल्याचे कागदावर दिसते, तेव्हा त्याचा अर्थ बहुधा एवढाच असतो की अपेक्षित बालकांची संख्या कमी धरली गेली.

तिसरे कारण वरच्या संख्येचे, आणि ते सर्वांत कमी बोलले जाते. कायद्यानुसार जन्म आणि मृत्यू ज्या ठिकाणी घडतो तेथे नोंदवला जातो, कुटुंब राहते तेथे नाही. डोंबिवलीच्या मानपाडा रस्त्यालगत राहणाऱ्या कुटुंबातील अपुऱ्या दिवसांचे बाळ आधी शास्त्रीनगर रुग्णालयात, तेथून कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात किंवा मुंबईत शीवला नेले आणि तेथे दगावले, तर त्या मृत्यूची नोंद ठाण्यात किंवा मुंबईत होते. डोंबिवलीच्या नोंदवहीत त्या बाळाचा जन्म दिसतो आणि मृत्यू दिसत नाही. कळव्याच्या नोंदवहीत मृत्यू दिसतो आणि जन्म दिसत नाही. एक शहर आहे त्याहून निरोगी ठरते, दुसऱ्यावर आहे त्याहून अधिक ठपका येतो, आणि ज्या वस्तीत खरोखर अडचण आहे ती दोन्ही कागदांतून निसटते.

यावर उपाय खर्चिक नाही. नोंदणीच्या अर्जात आईचा किंवा मृताचा राहण्याचा पत्ता असतोच. ठाणे, कल्याण-डोंबिवली, भिवंडी, उल्हासनगर, नवी मुंबई आणि मुंबई या महापालिकांनी आपापल्या नोंदी दर महिन्याला राहत्या प्रभागानुसार वेगळ्या करून एकमेकींना पाठवल्या, तर प्रत्येक प्रभागाचे खरे जन्म-मृत्यू वर्षभरात समोर येऊ शकतात. त्याला प्रत्येक बालमृत्यूच्या चौकशीची जोड द्यावी लागेल. या चौकशीत कुटुंबाशी बोलून आजार कधी सुरू झाला, कोणाकडे नेले, वाहन किती वेळाने मिळाले, कोणत्या रुग्णालयाने पुढे पाठवले, हा क्रम लिहून काढला जातो. वैद्यकीय कारणाबरोबरच यंत्रणेतील विलंबही अशा रीतीने दिसतो.

लहान संख्यांबाबत मात्र सावध राहावे लागेल. वर्षाला ५० जन्म होणाऱ्या वस्तीत एकच बाळ दगावले तर दर २० येतो आणि एकही दगावले नाही तर शून्य. यावरून त्या वस्तीतील आशा चांगली की वाईट हे ठरवणे अन्यायाचे आहे. तीन-चार वर्षांच्या नोंदी एकत्र करून किंवा शेजारचे प्रभाग जोडूनच निष्कर्ष काढणे योग्य ठरते.

धोरणासाठी काय घ्यावे

गडचिरोलीचा उपाय जसाच्या तसा मानपाड्यात आणता येणार नाही, आणि आणण्याची गरजही नाही. तेथे रुग्णालय दूर होते. येथे ते जवळ असूनही कोणत्या दारातून जायचे हे भाडेकरू कुटुंबाला कळत नाही, खासगी दवाखान्यातील बिलाची धास्ती असते, आणि इमारतीच्या फाटकावर आशा कार्यकर्तीला अडवले जाते. मात्र गडचिरोलीची पद्धत येथे आणलीच पाहिजे. आधी घरोघर मोजणी, मग दोन-तीन प्रभागांत उपाय आणि तितक्याच प्रभागांशी तुलना, आणि परिणाम दिसला तरच तो सगळीकडे नेणे, हा क्रम शहरातही तितकाच लागू आहे. नवा दवाखाना उघडून वर्षभराने किती रुग्ण तपासले एवढे सांगणे म्हणजे मूल्यमापन नव्हे. दवाखाना नसलेल्या प्रभागाच्या मानाने लोकांचा खिशातला खर्च किती घटला आणि आजार किती लवकर ओळखले गेले, हे सांगता आले पाहिजे.

यासाठी लागणारे ज्ञान राज्यात आहे. देवनारची संस्था, पुण्यातील राज्य आरोग्य प्रणाली संसाधन केंद्र, वैद्यकीय महाविद्यालयांतील जनऔषधवैद्यक विभाग आणि क्षेत्रात काम करणाऱ्या संस्था यांच्याकडे मोजणीची आणि विश्लेषणाची क्षमता आहे. उणीव आहे ती खरे आकडे जाहीर करण्याच्या तयारीची. बालमृत्यू अधिक नोंदवणाऱ्या प्रभागाला नोटीस न देता अधिक परिचारिका आणि औषधे मिळतील, असा नियम झाला, तर लपवण्याचे कारणच उरणार नाही.

या कामात नागरिकांचाही वाटा आहे. घरातील प्रत्येक जन्म आणि मृत्यू, तो कितीही लहान वयातला असो, खऱ्या पत्त्यासह नोंदवावा. माहिती विचारायला आलेल्या आशा कार्यकर्तीला फाटकावर अडवू नये. आणि प्रभागाच्या आरोग्याचे आकडे आपल्या नगरसेवकाकडे दर वर्षी मागावेत. मागणी नसलेली मोजणी सरकार फार काळ चालू ठेवत नाही.